खंड पडल्यावर पुन्हा धावायला कसे लागावे, आणि अडलेले वजन कसे हलवावे

धावणे क्वचितच ठरवून सुटते. आधी चार दिवस ताप येतो, मग पावसाची झड लागते, मग घरी पाहुणे, आणि महिन्याने बघावे तर शूजना बुरशी आलेली. परतीच्या पहिल्या दिवशी माणूस सोडले होते तिथूनच पळायला जातो, पहिल्याच किलोमीटरला धाप लागते, घरी येऊन काट्यावर उभा राहतो तर दीड किलो वाढलेले. बऱ्याच जणांचा विषय तिथेच संपतो. इच्छाशक्तीला बोल लावायचे कारण नाही. परतीचा हिशोब चुकलेला असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

१. खंड किती दिवसांचा, ते आधी मोजा

कॅलेंडर समोर घ्या आणि शेवटचे धावणे झाले त्या तारखेपासून दिवस मोजा. अंदाज नको, अंदाजात तीन आठवड्यांचे 'दहा-बारा दिवस' होतात.

पाच-सहा दिवसांचा खंड हा खंडच नव्हे. होते तिथून पुढे चला, आणि बुडालेले दिवस भरून काढायला रविवारी दुप्पट पळू नका. एक ते दोन आठवडे गेले असतील तर पहिला आठवडा पूर्वीच्या पाऊण अंतरावर काढा. दोन ते चार आठवडे गेले असतील तर निम्म्यावर, आणि वेग पूर्ण विसरा. महिना उलटला असेल किंवा मध्ये दुखापत झाली असेल तर खालचा तक्ता पहिल्या आठवड्यापासून धरा.

परतीच्या पहिल्या दोन-तीन वेळा छाती नेहमीपेक्षा जास्त धडधडते. सराव थांबला की रक्तातला द्रवभाग थोड्याच दिवसांत कमी होतो आणि तेवढ्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. हे लवकर भरून येते. दम दोन-तीन आठवड्यांत बराचसा परततो. नडगीचे हाड आणि टाचेमागची शीर यांना मात्र महिने लागतात. म्हणून सर्वांत जपायचा काळ तिसरा ते सहावा आठवडा. श्वास साथ देऊ लागतो, हुरूप येतो, अंतर एकदम वाढते आणि मग नडगी कुरकुरायला लागते.

खंड तापामुळे पडला असेल तर वेगळे पाहावे लागते. गोळी न घेता किमान एक पूर्ण दिवस ताप नाही, जेवण नीट जातेय, जिना चढून धाप लागत नाही, एवढे जमले की आधी दोन दिवस २० मिनिटे चाला, मग तक्ता. नुसती सर्दी असेल, नाक वाहतेय पण अंग दुखत नाही, तर हळू धावायला हरकत नाही. खोकला छातीत उतरला असेल तर थांबा. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय शूज बाहेर काढू नका. चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक आठवडे, कधी महिने दुखतात. तिथे जिद्दीचा काही उपयोग नसतो, सायकल आणि पोहणे बरे.

२. आठ आठवड्यांचा तक्ता

आठवड्यातून तीन दिवस, लागोपाठ नकोत. मंगळवार, गुरुवार, रविवार बहुतेकांना जमतात. प्रत्येक वेळी आधी ५ मिनिटे भरभर चालणे आणि शेवटी ५ मिनिटे सावकाश चालणे.

पहिला आठवडा: १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा.
दुसरा: २ मिनिटे धावणे, २ चालणे, ६ वेळा.
तिसरा: ३ धावणे, २ चालणे, ५ वेळा.
चौथा: ५ धावणे, २ चालणे, ४ वेळा.
पाचवा: ८ धावणे, २ चालणे, ३ वेळा.
सहावा: १२ धावणे, २ चालणे, २ वेळा.
सातवा: २० मिनिटे सलग.
आठवा: २५ ते ३० मिनिटे सलग.

आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. चौथा आठवडा तीनदा केला म्हणून काही बिघडत नाही. वजन ९५-१०० किलोंच्या पुढे असेल तर आधी महिनाभर नुसते चाला, रोज ४० मिनिटांपर्यंत न्या, आणि मगच पहिला आठवडा.

वेग घड्याळावर ठरवू नका. धावता धावता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे, मग शेजारून चालणारे आजोबा पुढे का जाईनात. नवख्या माणसाचे बहुतेक हाल इथेच होतात: सगळेच धावणे मध्यम-जोरात होते, प्रत्येक दिवस परीक्षेसारखा वाटतो, आणि परीक्षेला रोज कोण जाईल?

३. वाईट दिवसासाठी किमान मात्रा ठरवून ठेवा

चांगल्या दिवसाचे वेळापत्रक सगळेच बनवतात. ऑफिसातून नऊला आलात, रात्री झोप पाच तास झाली, बाहेर चिखल, अशा दिवसाचे वेळापत्रकही कागदावर हवे. सोपी मात्रा अशी: शूज घाला, १० मिनिटे बाहेर राहा. दहा मिनिटांनी परत यावेसे वाटले तर या, तो दिवस भरला. बाहेर जाणे शक्यच नसेल तर इमारतीचा जिना १० मिनिटे, चढताना नेहमीच्या चालीने आणि उतरताना कठडा धरून.

एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसामाणसांत हा आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादी संधी हुकल्याने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. '२१ दिवसांत सवय' हे वाक्य भिंतीवर लावले असेल तर काढून टाका. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणूस उगाच स्वतःला दोषी धरतो.

सण आधीच धरून चाला. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. म्हणजे तिची तयारी पावसाळा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांतूनच जाते. गणपतीचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा यांत वजन कमी करायचे उद्दिष्टच ठेवू नका. आहे तिथे राहिले की झाले. आठवड्यात दोन वेळा २० मिनिटे धावा आणि फराळ ताटलीत घेऊन, बसून खा. डब्यातून जाता-येता तोंडात टाकलेल्या शंकरपाळ्यांचा हिशोब कुणाकडेच नसतो. आणि फराळ 'जाळायला' म्हणून जास्त पळू नका, दुसऱ्या दिवशी उपाशीही राहू नका. पुढचे जेवण नेहमीसारखे घ्या.

४. काटा वाचायला शिका

रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच फरशीवर ठेवलेल्या काट्यावर वजन करा. आकडा लिहा आणि विसरा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा, आणि गेल्या रविवारच्या सरासरीशी ताडून बघा. आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडू नका.

कारण एका दिवसात एक-दीड किलो इकडेतिकडे होणे नेहमीचे आहे. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे पिठूळ-गोड खाण्यातून बनलेल्या राखीव इंधनाचा, साठा ठेवते आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरते. रात्री पावभाजी आणि वर आइस्क्रीम झाले, की मीठ आणि पिठूळ पदार्थांमुळे पाणी साठून काटा सकाळी वर जातो. ती चरबी नव्हे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका रात्रीत तेवढे जास्तीचे खाणे कुणाला जमायचे नाही. नव्याने धावायला लागल्यावर पहिले दोन आठवडे वजन थोडे वाढूही शकते, कारण दुखावलेले स्नायू पाणी धरतात. स्त्रियांनी सरासरी मागच्या पाळीचक्रातल्या त्याच आठवड्याशी ताडावी. पाळीआधी वजन वाढते आणि नंतर आपसूक उतरते.

दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजा, श्वास सोडून, पोट न ओढता. काटा थांबलेला असताना टेपवर कंबर कमी झालेली पुष्कळदा दिसते.

५. वजन खरेच अडले असेल तर

चार आठवडे साप्ताहिक सरासरी हलली नाही आणि कंबरही तीच, तर अडले म्हणा. त्याआधी नाही.

पहिले कारण धावण्याबद्दलचा गैरसमज. सपाट रस्त्यावर धावताना साधारण दर किलोला, दर किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. ८५ किलोंच्या माणसाला ५ किलोमीटरला सव्वाचारशे. वजन ७५ वर आले की तेवढ्याच अंतराला पावणेचारशे. म्हणजे शरीर हलके झाले की तोच व्यायाम कमी जाळतो, आणि बसल्या जागचा खर्चही थोडा उतरतो. एक वडापाव तीनशेच्या आसपास जातो. परतीच्या वाटेवर एक वडापाव आणि गोड चहा झाला की सकाळचे धावणे जवळपास फिटले. त्यात रविवारी लांब धावून आल्यावर दिवसभर सोफ्यावर पडून राहिलात तर उरलेलेही गेले. धावण्याच्या दिवशीसुद्धा इतर चालणे कमी होऊ देऊ नका.

मग स्वयंपाकघर. सर्वांत आधी तेलाचा डबा बघा, कारण तिथे कुणी बघत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ४० मिलीच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी. तेच ३ लिटरवर आणले तर प्रत्येकाच्या ताटातून रोज सुमारे १४० कॅलरी कमी होतात आणि भाजी बेचव होत नाही. फोडणी चमच्याने मोजून घाला, बुधलीने ओतू नका. चहा चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, तर ४० ग्रॅम साखर म्हणजे १६० कॅलरी. आणि उपवास. साबुदाणा खिचडी हलकी असते हा समज सोडा. साबुदाणा, दाण्याचे कूट आणि तूप मिळून भरलेली ताटली पोळी-भाजीच्या जेवणाला सहज मागे टाकते.

रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, एवढीच तूट पुरे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरते. याहून घाई केली की धावताना पाय शिसे होतात, रात्री फ्रीज उघडला जातो, केस गळतात, पाळी लांबते. पाळी बंद झाली तर तो व्यायामाचा परिणाम समजून सोडून देऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रथिने वाढवा, भूक आवरते आणि स्नायू टिकतात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. नुसता वरण-भात खाऊन ७० किलोंच्या माणसाचे ७०-८० ग्रॅम भरत नाहीत. ताक-दही, उसळ, अंडी, मासे, सोया वड्या यांतून ते भरावे लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

६. दुखते तेव्हा

दहापैकी किती दुखते ते ठरवा. तीनपर्यंत, धावताना वाढत नाही, दुसऱ्या सकाळी नाहीसे: चालू ठेवा. चालीत लंगडेपणा आला की थांबा, मग आकडा काहीही असो.

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले दुखणे बहुधा एकदम अंतर वाढवल्याने येते. दोन आठवडे अंतर निम्मे करा आणि काँक्रीटऐवजी मातीचे मैदान धरा. दुखणे एकाच बोटाएवढ्या जागी असेल, रात्री ठणकत असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. धावणे बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे स्वच्छ आहे' म्हणून लगेच पळायला लागू नका.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलांना टाच टोचत असेल तर घरात अनवाणी फिरणे थांबवा आणि पोटऱ्या ताणा. जिना उतरताना गुडघ्याची वाटी दुखत असेल तर मांडी आणि नितंब कमजोर असण्याची शक्यता मोठी. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, पाठीवर झोपून कंबर उचलणे. प्रत्येकी १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. हे कंटाळवाणे आहे आणि सगळ्यांत आधी हेच सुटते.

छातीत दाब, चक्कर, हृदयाची अनियमित धडधड झाली तर तिथेच थांबून दवाखाना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धावण्याआधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोज ठेवा.

७. पाऊस, ऊन, शूज

पावसात पेव्हर ब्लॉकवरच्या शेवाळाला सर्वांत जपा, डांबरी रस्ता बरा. भिजलेल्या शूजमधले तळ काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी ते बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरपुढे ठेवले तर डिंक सुटतो. परवडत असेल तर पावसाळ्यात दोन जोड आलटूनपालटून वापरा. मांड्या घासत असतील तर निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये साडेपाचच्या आत निघावे लागते. मुंबई-कोकणात पारा कमी असूनही हवेतल्या ओलाव्यामुळे घाम वाळत नाही आणि तेवढ्याच वेगाला हृदय जास्त पळते. त्या दिवसांत किलोमीटरमागे अर्धा-एक मिनिट जास्त लागले तर ती घसरण समजू नका.

शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, जड शरीराखाली त्याहून कमी. विकत घेतल्याची तारीख आतल्या जिभेवर पेनाने लिहून ठेवा, आणि वहीत प्रत्येक धावण्याच्या ओळीत चारच गोष्टी टिपा: किती मिनिटे, किती दुखले, किती झोप झाली, आणि न गेलात तर का. 'का'च्या रकान्यात एकच कारण तीनदा आले की वेळ किंवा वार बदला. सकाळी मुलांची शाळा आडवी येते म्हणून तीन मंगळवार बुडाले असतील, तर मंगळवारचे धावणे संध्याकाळी साडेसातला न्या.