ट्रामचा छोटा मार्ग बनवताय? या चुका टाळा

रत्नागिरीत ट्राम कधी धावली नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची, आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची गाडी धावली. म्हणूनच मारुती मंदिराकडून निघून जयस्तंभावरून मांडवीच्या किनाऱ्याला उतरणारी ट्राम संगणकावर उभी करायला इतकी मजा येते. ओपनबीव्हीई हे संगणकावर रेल्वे-ट्राम चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचा मार्ग साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतो, त्यामुळे दोन-तीन संध्याकाळींत पडद्यावर काहीतरी हलायला लागतं. मग नवी मुलं ते दाखवायला घेऊन येतात आणि मला पुन्हा त्याच चुका दिसतात.

या चुकांचं मूळ एकच आहे. रेल्वेचा मार्ग आखूड केला की ट्रामचा होतो, असा समज. कोकण रेल्वेने साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खणला, पानवलला ६४ मीटर उंच पूल बांधला, तेव्हा कुठे चढ १५० मीटरला १ मीटर इतका सौम्य ठेवता आला. ट्रामला ही मुभा नाही. ती गावातल्या रस्त्यावरून जाते, तो रस्ता जसा वळतो तशी वळते, जसा चढतो तशी चढते. रस्ता नीट पाहिला नसेल तर पुढचं सगळं काम कच्चं राहतं.

उंचीचे आकडे आयते उचलणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा मारुती मंदिर ते मांडवी असा मार्ग बनवून घेऊन आला. स्टॉप झकास, दुकानांच्या पाट्या झकास. गाडी सुरू केली आणि खालच्या सपाट रस्त्यावर, माडांच्या दाटीतून जाताना ट्राम वरखाली हिंदकळायला लागली. फाइल उघडली तर दर २५ मीटरला चढ बदललेला: ४०, मग उणे ४०, मग ८०, मग शून्य. म्हणाला, "काका, उपग्रहाची उंची आहे, ती चुकेल कशी?"

चुकली कशी, ते समजून घ्या. आपल्याकडे फुकट मिळणारी उंचीची माहिती बहुतेक वेळा २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची असते. तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा असतो, तोही पूर्ण मीटरमध्ये. म्हणजे नुसत्या पूर्णांकामुळे शेजारच्या दोन आकड्यांत एका मीटरचा फरक पडला, तरी २५ मीटरच्या तुकड्यावर हजारी ४० चा, म्हणजे हजार मीटरला ४० मीटर इतका चढ तयार होतो, जमिनीवर तो असो वा नसो. त्यात रडारला जमीन आणि झाडांचे शेंडे वेगळे ओळखता येत नाहीत. माडांच्या वाडीत मिळणारी उंची जमीन आणि झावळ्या यांच्यामध्ये कुठेतरी असते. आणि घाटीत, जिथे एका अंगाला जांभ्याची दरड आणि दुसऱ्या अंगाला खोल उतार असतो, तिथे त्या चौकोनाचा आकडा दोन्हींची सरासरी होतो. रस्त्याची उंची त्यात कुठेच नसते.

त्या मुलाने मग सगळे आकडे सरासरीने गुळगुळीत केले. हिंदकळणं थांबलं, पण सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, खाली उतरणारा खरा तीव्र उतारही त्यात पुसला गेला. त्या मार्गाचा जीवच तो उतार होता! मोटरमनने तिथे ब्रेक सांभाळत उतरायचं, पावसात आणखी जपून. ते गेल्यावर खेळणाऱ्याला करण्यासारखं उरतं काय?

माझी पद्धत जुनी आहे. रस्ता पायी चाला, पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी. आपल्याकडे कंपाउंडच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांच्या, असतात आणि गवंडी चिऱ्याचे थर समपातळीतच लावतो. रस्ता चढत गेला की खालचे थर एकेक करून जमिनीआड जातात. एका थराची उंची सांध्यासकट टेपने मोजा आणि दर १० मीटरला किती थर गेले ते वहीत लिहा. समजा थर २० सेंटिमीटरचा भरला आणि १० मीटरमध्ये तीन थर गेले, तर चढ ६० सेंटिमीटर, म्हणजे हजारी ६०. भिंत नसेल तिथे गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि सोबत एक माणूस. तो मुलगा मग आपल्या मामाला घेऊन नळीने सगळा उतार मोजून आला. आता त्याच्या मार्गावर ब्रेक केव्हा धरायचा, याचा विचार करावा लागतो.

याच जोडीची एक चूक: ओपनबीव्हीईत पिच ही कमांड हजारी आकडा घेते, टक्के नाही. सहा टक्क्यांच्या चढाला ६० लिहायचे. ६ लिहिलेत तर कोकण रेल्वेपेक्षाही सपाट रस्ता मिळेल. उलट "लिस्बनची ट्राम १३ टक्क्यांहून जास्त चढते" असं ऐकून हवा तो आकडा घालणारेही असतात. त्या चढावर तिथल्या खास बनवलेल्या छोट्या गाड्या चालतात. तुम्ही कुठूनतरी उतरवलेली लांब आधुनिक गाडी तिथे शोभणार नाही. चढ बदलताना एका उडीत शून्यावरून ६० वर जाऊ नका, मध्ये १० ते १५ च्या पायऱ्या ठेवा.

चौकातलं वळण

दुसरी चूक रेल्वेचे मार्ग बनवून ट्रामकडे वळलेल्यांची. ओपनबीव्हीई मार्गाचे २५ मीटरचे तुकडे पाडतं. गाडी प्रत्येक तुकड्यात कमानीवरून धावते, पण तुम्ही ठेवलेला रूळ मात्र त्या तुकड्यापुरता सरळ असतो. या दोहोंत तुकड्याच्या मध्यावर किती अंतर पडतं, त्याचा अंदाज सोपा आहे: तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. त्रिज्या १२५० मीटर असेल तर उत्तर येतं सहा सेंटिमीटर. रेल्वेच्या मार्गावर हे कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

आता जयस्तंभासारख्या चौकात २० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ६२५ भागिले १६०, जवळजवळ चार मीटर. रूळ एकीकडे आणि ट्राम शेजारच्या दुकानाच्या पायरीवर! यावर नवशिक्यांचा आवडता उपाय म्हणजे दुकान मागे सरकवणं. मग फूटपाथ सरकतो, मग विजेचा खांब, आणि शेवटी चौक ओळखू येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. गावातला चौक लोकांच्या ओळखीचा असतो; रूळ बसत नाहीत म्हणून कुणी त्याची मोडतोड करू नये.

उपाय फाइलीच्या अगदी सुरुवातीला आहे. ब्लॉकलेंग्थ या पर्यायाने तुकडा ५ मीटरचा करा. त्याच वळणावर चूक १६ सेंटिमीटरवर येते. अडीच मीटरचा केलात तर चार सेंटिमीटर. हा पर्याय अख्ख्या मार्गाला लागू होतो, मध्येच बदलता येत नाही, म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवा. रुळाचा ऑब्जेक्टही (पडद्यावर दिसणारी त्याची आकृती) तेवढ्याच लांबीचा बनवावा लागतो, नाहीतर २५ मीटरचे रूळ एकमेकांवर चढून काट्यांसारखे बाहेर येतात. दोन किलोमीटरच्या मार्गाला ८० ऐवजी ४०० तुकडे होतात, पण साध्या लॅपटॉपला ते जड जात नाही. जड जातं ते लेखकाला, कारण ओळी जास्त लिहाव्या लागतात. ज्याला तेवढा धीर नाही त्याने ट्रामच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

वळणावर रुळांना बाहेरच्या बाजूने उंची देऊ नका. रेल्वेची फाइल नक्कल करताना ती सोबत येते आणि भर चौकात गाडी कलते. रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून रिक्षा आणि स्कूटर जायच्या असतात.

फाइलीत गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर लिहिल्याने ऑब्जेक्टमधले रूळ जवळ येत नाहीत. ते ऑब्जेक्टमध्येच मोजून काढावे लागतात. ब्रॉडगेजचे १६७६चे रूळ ट्रामखाली ठेवलेले लगेच दिसतात.

वरची तार दोन खांबांमध्ये सरळच असते. वळणावर खांब दाट लावा.

फोटोंचं सांगतो, कारण ही चूक खास आपल्याकडची. मुलं मुंबई-पुण्याला असतात, मे महिन्यात आणि गणपतीत घरी येतात, आणि त्या दोन खेपांना काढलेले फोटो एकाच मार्गात वापरतात. मे महिन्यातला सडा वाळलेल्या गवताने पिवळा असतो, गणपतीत तोच हिरवागार, आणि चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ. एका घरासमोर उन्हाळा आणि शेजारच्या घरासमोर श्रावण संपलेला, असं दिसतं. एक ऋतू निवडा. मी गणपतीचे दिवस घेतो, कारण ओल्या जांभ्याचा रंग मला त्या मार्गावर हवाच असतो. माडही आयते घेऊ नका. परदेशी संग्रहातल्या ताडामाडांचे बुंधे जाडजूड आणि उंची एकसारखी असते. आपल्या परसातला माड कलतो आणि पोफळ सडसडीत सरळ जाते. चार-पाच वेगवेगळ्या झाडांचे फोटो स्वतः काढलेत तरी पुरतात. मात्र मोबाइलचा फोटो जशाच्या तसा भिंतीला चिकटवू नका, ५१२ किंवा १०२४ पिक्सेलवर आणा.

दुसऱ्याने बनवलेले ऑब्जेक्ट वापरायचे तर त्याने सोबत ठेवलेली सूचना वाचा आणि परवानगी नसेल तर वापरू नका. यात तडजोड नाही.

पहिल्याच खेपेला स्टेशन ते बंदर असा अख्खा मार्ग घेऊ नका. दोन स्टॉप आणि मधला एक उतार पूर्ण करा, मार्ग नुसता पाहायच्या रूट व्ह्यूअरमध्ये एफ ५ दाबून फाइल नव्याने उघडत पुन्हा पुन्हा पाहा, मग पुढचा स्टॉप.

आणि काही केल्या मार्ग उघडतच नसेल, तर आधी या तीन गोष्टी तपासा. फाइलीत देवनागरी आकडे टाइप झाले असतील तर ते वाचले जात नाहीत, तिथे इंग्रजी आकडेच लागतात. स्टॉपच्या नावात स्वल्पविराम असेल तर सीएसव्ही फाइलीत ओळ तिथेच तुटते. आणि फाइलींच्या नावांत लहान-मोठी अक्षरं जशी आहेत तशीच लिहा. विंडोजवर चालून जातं, लिनक्सवर तोच माड कधी कधी सापडत नाही.