कुंपणावर ऑप्टिकल फायबर बसवून घुसखोरी कशी ओळखावी

नवी मुंबईतील रबाळे-महापे भागातील कारखाने आणि डेटा सेंटर यांच्या कुंपणासाठी ऑप्टिकल फायबर उपयुक्त ठरते, कारण कुंपणावरील केबलमध्ये वीज नसते आणि जवळच्या उच्चदाब वाहिन्यांचा तिच्यातील संकेतावर परिणाम होत नाही. नियंत्रण कक्षातील यंत्राने फायबरमध्ये लेसरची पल्स (प्रकाशाचा क्षणिक झोत) सोडली की काचेतील सूक्ष्म असमानतेमुळे थोडा प्रकाश प्रत्येक ठिकाणाहून मागे परततो. याला रॅले विकिरण म्हणतात. कोणी जाळी हलवली की तेथील फायबर किंचित ताणले जाते आणि परतणाऱ्या प्रकाशाची कला (फेज, म्हणजे प्रकाशलहरीची स्थिती) बदलते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जात असल्याने एक किलोमीटरवरून परतायला त्याला 10 मायक्रोसेकंद लागतात, आणि या वेळेवरूनच हालचालीची जागा कळते. पल्स 100 नॅनोसेकंदांची असेल, तर जागेचा अंदाज साधारण 10 मीटरपर्यंत येतो.

विक्रेते यंत्राच्या पल्ल्याचा मोठा आकडा आवर्जून सांगतात. परंतु तीन-चार किलोमीटरच्या कुंपणाला 40 किलोमीटरच्या पल्ल्याचा काहीच उपयोग नाही. यंत्र निवडण्यापूर्वी कुंपण दुरुस्त करावे, हे अधिक महत्त्वाचे. सैल जाळी, डुगडुगणारे खांब, वाऱ्याने आपटणारे फलक आणि जाळीवर चढलेल्या वेली यांच्यामुळे इतके खोटे इशारे येतात, की काही दिवसांत पहारेकरी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात.

जाळी ताणून घेतल्यावर केबल तिच्या मध्यउंचीवर, साधारण 30 सेंटिमीटर अंतराने, उन्हात न कुजणाऱ्या केबल टायने बांधावी. मात्र टाय इतका आवळू नये की केबल चेपली जाईल. कोपऱ्यांवर केबल मोठ्या वळणाने फिरवावी आणि पुढे जोडणी करावी लागेल अशा ठिकाणी थोडी जास्तीची केबल गुंडाळून ठेवावी. काँक्रीटची जाड भिंत फारशी हलत नाही, त्यामुळे तेथे केबल भिंतीवर न लावता माथ्यावरच्या जाळीला किंवा काटेरी तारेला बांधणे योग्य. फाटकाच्या उघडझापीने सतत इशारे येतात. म्हणून तेथे केबल रस्त्याखालून पाइपमधून न्यावी आणि फाटकासाठी कॅमेरा किंवा वेगळा सेन्सर ठेवावा. दोन्ही टोके नियंत्रण कक्षात आणून वर्तुळ पूर्ण केल्यास, एका ठिकाणी केबल तोडली गेली तरी दुसऱ्या टोकाकडून पुढचा भाग तपासता येतो, मात्र त्यासाठी यंत्र दोन्ही टोकांकडून मोजणारे हवे.

यानंतर येते टॅप टेस्ट, आणि हीच पायरी अनेकदा घाईत उरकली जाते. केबलची लांबी कुंपणाच्या लांबीपेक्षा नेहमी जास्त असते. त्यामुळे यंत्राने दाखवलेला 1,250 वा मीटर म्हणजे कुंपणावरील तेवढाच मीटर नव्हे. एकाने क्रमाने प्रत्येक क्रमांकित खांबाजवळ जाळीवर टकटक करावी, दुसऱ्याने पडद्यावर दिसणारे अंतर नोंदवावे, आणि त्यावरून खांब, विभाग व कॅमेरा यांचा तक्ता तयार करावा. फायबरच्या मोकळ्या टोकात कधीही डोकावू नये. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

संवेदनशीलता सगळीकडे सारखी ठेवणे चूक आहे. ठाणे-वाशी रेल्वेमार्गालगतच्या किंवा अवजड ट्रकच्या रस्त्याकडील विभागांना वेगळी मर्यादा द्यावी. पाऊस लांबच लांब पट्ट्यावर एकाच वेळी कंपने उमटवतो, तर चढणाऱ्या माणसाची कंपने एकाच जागी पुन्हा पुन्हा येतात, आणि जाळी कापताना तुटक, तीव्र ठोके दिसतात. हा फरक यंत्राला प्रत्यक्ष चढून, जाळी हलवून आणि भंगार जाळीचा तुकडा बांधून तो कापून शिकवावा. जमिनीत पुरलेल्या केबलसाठी ही चाचणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी दोनदा करावी, कारण खाडीकडच्या ओल्या मातीतून कंपने कोरड्या मातीसारखी पोहोचत नाहीत. जाळीला स्पर्श न करता शिडी टाकून कोणी आत उतरले, तर जाळीवरची केबल ते ओळखू शकत नाही; अशा जागी आतील बाजूने दुसरी केबल पुरावी.