भिगवणला उडते रोहित (फ्लेमिंगो) टिपायला जाताय? आधी कॅमेऱ्याचं ते बटण शून्यावर आणा

बॅटऱ्या, कार्डं, टोपी, पाणी हे सांगायला तुम्ही लहान नाही. बॅटरी एक जास्तीची घ्या, बास. नावाड्याला मात्र आदल्या दिवशी फोन कराच. "दादा, बोट आहे का" एवढं विचारून ठेवून देऊ नका, पाणी किती उतरलंय ते विचारा. रोहित उथळ चिखलपाण्यात मान खाली घालून, चोच उलटी करून चरतो. तिथलं उजनी धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला उभं राहायलाच जागा नाही. मग तो उशिरा येतो नाहीतर दुसरीकडे उतरतो. पाऊस दणकून झालेल्या वर्षी डिसेंबरात धावत जाऊन बगळे बघून परत यायची हौस असेल तर जा.

आता ते बटण. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करणारं. अधिक-उणेचं चिन्ह असलेलं. रात्री बॅग भरताना ते शून्यावर आणा. कॅमेरा बंद करून चालू केला की सगळं मूळपदावर येतं असा माझा समज होता. माझ्या कॅमेऱ्यात येत नाही. तुमच्यात येतं का ते घरी तपासा, बोटीत नव्हे.

गेल्या खेपेला झालं असं. पहाटे चारला पुण्याहून निघालो, कुंभारगावच्या काठावरून उजाडता उजाडता बोट सुटली. धुकं होतं, आकाश दुधासारखं पांढरं, आणि त्यावर काळपट मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत होता. अशा वेळी कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि पक्षी कोळसा करून टाकतो, म्हणून मी अधिक 1.7 स्टॉप केलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). बरोबरच केलं. पोटाखालची पिसंसुद्धा दिसली. मग धुकं फाटलं, ऊन आलं, आणि समोरचा रोहितांचा सगळा थवा उठला. मागे गडद पाणी, वर पांढरे पक्षी. इथे खरं तर उणे 0.7 हवं होतं आणि मी अधिक 1.7 वर दणादण फ्रेम मारत होतो. डीएसएलआरच्या काचेतून समोरचं दृश्य दिसतं, एक्स्पोजर दिसत नाही. खाली कोपऱ्यात ते चिन्ह होतंच, पण थवा डोक्यावरून जाताना कोपऱ्यात कोण बघतो? मागचा पडदाही उन्हात काळवंडल्यामुळे फोटो ठीकच वाटले. घरी बघितलं तर पांढरे कागद उडतायत. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून एखादा स्टॉप ओढून काढता येतो, अडीच नाही. पांढरं एकदा जळलं की त्यात पीस उरत नाही.

आणि रोहिताचं नुसतं पांढरंच जळत नाही. उभा असताना तो फिकट दिसतो. पंख उघडले की आतला गुलाबी-लाल पट्टा आणि काळी किनार दिसते, त्याला अग्निपंख म्हणतात ते उगाच नाही. कॅमेऱ्यात तो लाल रंग बाकीच्यांच्या आधी फुटू शकतो. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगळा लावा, आणि जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय चालू ठेवा. पडद्याच्या उजेडावर विश्वास ठेवू नका.

ऊन स्थिर झालं की मी आता सरळ मॅन्युअलवर जातो, म्हणजे सगळं मीच ठरवतो: शटर 1/2000, छिद्र एफ 6.3, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400 पासून सुरुवात, मग हिस्टोग्राम बघून इकडेतिकडे. मागे पाणी असो की आकाश, पक्ष्यावरचं ऊन तेच असतं. पण मॅन्युअलमध्ये आयएसओ ऑटोवर ठेवलात तर माझ्या कॅमेऱ्यात ते बटण तिथेही आपली कामगिरी करतं. म्हणजे पुन्हा तेच. शून्य बघा. प्रत्येक पक्ष्यानंतर बघा. मी आता बोटाला सवय लावली आहे: कॅमेरा खाली घेतला की अंगठा डायलवर.

शटर: रोहिताला 1/1600 चालतं, नदी सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत असेल तर 1/3200. फोकस सलग पाठलाग करणाऱ्या मोडवर. आयएसओ वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो सुधारतो, हललेला नाही. धुक्यात फोकस चाचपडत राहतो, तेव्हा पक्ष्याच्या मागे लागण्यापेक्षा चहा प्या.

ट्रायपॉड आणू नका. बोटीत तो फक्त लोकांच्या पायात येतो. बोटीच्या कडेवर बीनबॅगही इंजिन चालू असताना नको, थरथर थेट लेन्समध्ये जाते. इंजिन बंद करून बांबूने बोट ढकलायला सांगा. लाइफ जॅकेट घाला, फोटोत तुम्ही नसता.

बोट कुठे लावायची? ऊन पाठीशी, आणि जमलं तर वाराही पाठीशी. रोहित जड पक्षी, उडण्याआधी पाण्यावर चार पावलं धावतो, आणि तेही वाऱ्याला तोंड देऊन. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर तो तुमच्याच दिशेने उठतो. दोन्ही जमत नसेल तर ऊन धरा. थव्याने चरणं सोडून माना वर केल्या आणि सगळे एका दिशेने चालू लागले, की समजा तुम्ही फार जवळ गेलात. थांबा, मागे या. "दादा, जरा उडवा ना" म्हणणारे महाभाग दर बोटीत एक तरी असतात. हजारो मैल उडून आलेले पट्टकदंब हंसही तिथेच बसलेले असतात, त्यांना तुमच्या फ्रेमसाठी उठवायचं? दुपारपर्यंत काही ना काही आपणहून उडतंच.

ढग आला: पुन्हा मोजा. ढग गेला: पुन्हा मोजा. आणि बटण.

दहाच्या पुढे पाण्यावरची हवा थरथरायला लागते, लांबचं काहीच धारदार येत नाही. लेन्सला शिव्या देऊ नका. काठावर या, चिलापी मासा खा.

परतल्यावर कार्डं दोन ठिकाणी उतरवा, मगच पुसा. लेन्स पुसा. बॅटरी लावा. डायल शून्यावर.