डॅशबोर्डवरचा गिअरचा बाण: या चुका टाळा

सावद्याहून केळी भरून सुरतेला निघालेली गाडी कोंडाईबारी घाट उतरायला लागते. ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवर वरचा बाण, म्हणजे गिअर वाढवा असं सुचवणारी खूण, पेटतो. आमच्याकडच्या एका नव्या पोराने तो ऐकला. "बाण तं वर जा म्हनस!" म्हणत त्याने गिअर वाढवला. विसरवाडी येईपर्यंत केबिनमध्ये ब्रेक लायनरचा जळका वास भरला होता.

सगळ्यात घातक चूक हीच. इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे), गाडीचा वेग आणि पाय किती दाबलाय, यावरून बहुतेक गाड्यांत हा बाण ठरतो. पुढचा उतार, वळण, आडवी येणारी ट्रॅक्टर-ट्रॉली त्याला दिसत नाही. पाय उचलला की इंजिनवर भार नाही असा हिशेब तो करतो आणि डिझेल वाचवायला वरचा गिअर सुचवतो. उतारावर आपल्याला इंजिनची ओढच हवी असते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) जास्त आरपीएमला चांगला धरतो. गिअर वाढवला की आरपीएमचा काटा पडतो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण; आजच्या ताकदवान गाड्यांत त्याहून खालचा गिअरही लागू शकतो. फक्त काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका.

डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल मारणाऱ्यांना तर मी हात जोडतो. गिअरमध्ये पाय काढून उतरताना आजची इंजिनं डिझेल जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. शिवाय ब्रेक तापतात आणि आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) कॉम्प्रेसर ब्रेकची हवा हळू भरतो.

चढावर याच्या उलट होतं. शिरपूरहून बिजासन चढताना खालचा बाण येईपर्यंत थांबाल तर काटा हिरव्या (किफायती आरपीएमच्या) पट्ट्याखाली गेलेला असेल, गाडी थरथरेल, धूर टाकेल. चढ डोळ्यांना दिसतोय ना? मग काटा हिरव्यात असतानाच गिअर उतरवा.

गाडी ओढत नाही म्हणून गॅरेज गाठण्याआधी लोडचं बटण (मालाप्रमाणे इंजिनची ताकद ठरवणारं) असेल तर ते बघा. रिकामी आणताना 'लाइट'वर ठेवलेलं बटण माल भरल्यावर तसंच राहतं. भुसावळला उतरवलं, जळगावला भरलं, बटण विसरलं, असं नेहमी होतं.

लो-हायचं, म्हणजे गिअरांचा खालचा-वरचा गट (रेंज) बदलायचं बटण असलेल्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पहिला आणि पाचवा गिअर एकाच जागी असतात. बटण आधी सरकवायचं, मग लिव्हर न्यूट्रलमधून न्यायचा. रेंज तिथे हवेवर बदलते. हवेचं प्रेशर कमी असेल तर ती बदलणार नाही, लिव्हरवर जोर देऊ नका. वेगात हायवरून लोवर मात्र कधीच नाही, गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा जातात.

आणि स्क्रीनवरचा गिअर हातातल्या गिअरशी जुळत नसेल तर आधी क्लचवरून पाय पूर्ण काढा. बऱ्याच गाड्या आरपीएम आणि वेगाच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखतात, अर्ध्या क्लचवर तो हिशेब चुकतो. तरीही जुळत नसेल तर बॉक्सवरच्या स्पीड सेन्सरची वायर आणि चिखल तपासा. टायर वेगळ्या मापाचे टाकले असतील तर तेही मेकॅनिकला सांगा.