गो भाषेची सुरुवात: नेट आहे तोवर उतरवून घ्या

पावसाळ्यात देवगड-रत्नागिरीकडे वाऱ्याबरोबर लाईट जाते, मागोमाग नेट. म्हणून स्थिर टाइपची (प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार, म्हणजे टाइप, प्रोग्राम चालण्याआधीच ठरलेला असणारी) पहिली प्रोग्रामिंग भाषा म्हणून मी गो सुचवेन: कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा), फॉरमॅटर, टेस्टिंग, सगळं एकाच इन्स्टॉलरमध्ये येतं. गूगलमधल्या रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांची ही भाषा 2009 मध्ये जाहीर झाली, 1.0 आवृत्ती 2012 मध्ये आली. रस्ट ही अशीच दुसरी भाषाही उत्तम आहे, पण विंडोजवर ती बसवताना सहसा मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्सही लागतात, आणि ती काही जीबींची.

1. 'गो डॉट देव' या साइटवरून इन्स्टॉलर घ्या. बसवल्यावर टर्मिनल नव्याने उघडा आणि 'गो व्हर्जन' द्या (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या). आकडा दिसला की झालं.

2. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर आणि त्याचं गो एक्स्टेन्शन लगेच बसवा. ते 'गोप्लीज' (gopls) नावाचं, कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवणारं साधन वेगळं मागतं. तेही नेट असतानाच येऊ द्या.

3. रिकामं फोल्डर करून त्यात 'गो मॉड इनिट पेटी' द्या. 'गो डॉट मॉड' फाइल तयार होईल.

4. आता 'मेन डॉट गो' फाइल. वर 'पॅकेज मेन', खाली एफएमटी पॅकेजचा इम्पोर्ट, मग मेन फंक्शन. त्यात हापूसच्या पेट्यांचा हिशोब मांडा: पेट्या इंट (पूर्णांक), दर फ्लोट64 (दशांश संख्या). दोन्ही व्हेरिएबल थेट गुणून, गुणाकार प्रिंटलाइनने छापायला सांगा आणि 'गो रन .' द्या.

चालणार नाही. टाइप जुळत नाहीत, असं कंपायलर फाइल, ओळ आणि कितवा कॉलम यासकट सांगेल. घाबरून लगेच गूगल करू नका, आधी ती ओळ वाचा. पेट्या फ्लोट64 मध्ये बदलून घेतल्या की गुणाकार होतो. मात्र पैशांसाठी मी फ्लोट वापरणारच नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून इंटमध्येच ठेवावी, दशांशाचे बारीक घोळ टळतात.

पण टाइप सगळंच पकडत नाहीत. 50 आंबे भागिले 12 केलं, दोन्ही इंट, तर उत्तर बिनतक्रार 4 येतं. उरलेले 2 आंबे हवे असतील तर टक्क्याचं चिन्ह वापरून बाकी काढायची.

न वापरलेलं व्हेरिएबल किंवा इम्पोर्टही गोला खपत नाही. सुरुवातीला याचा वैताग येतो. नावं देवनागरीत द्यायचा मोह झाला तर 'दर' चालेल, 'भाव' नाही: व्हेरिएबलच्या नावात काना-मात्रा चालत नाहीत. अवतरणातल्या मजकुराला ही अट नाही; पण 'आंबा'ची लांबी लेन हे फंक्शन 12 सांगेल, कारण ते अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं.

5. 'गो एफएमटी'ने मांडणी नीट करा, 'गो व्हेट'ने संशयास्पद जागा शोधा. दोन्ही नेटशिवाय चालतात. बाहेरचं पॅकेज मात्र पहिल्यांदा नेटवरूनच येतं. नंतर ते मशीनवरच साठलेलं राहतं.

6. शेवटी 'गो बिल्ड'. एकच फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवर टाकून पॅकिंगच्या शेडमधल्या विंडोज कॉम्प्युटरवर चालवा, तिथे गो बसवायची गरज नाही. तुमचा लॅपटॉप लिनक्सचा असेल तर बिल्डच्या आधी 'जीओओएस' (GOOS) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे टर्मिनलमधली सेटिंग, 'विंडोज' करा.