रेफरन्स शोधताना या चुका टाळा (पोट्टेहो, आधी हे वाचा, मग फाईल घेऊन या)

मार्च आला की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रोजेक्टच्या फायलींचा ढीग पडतो आणि मी दरवर्षी लाल पेनाने तेच ते लिहितो, म्हणून यंदा एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे चॅटबॉटने दिलेले रेफरन्स जसेच्या तसे चिकटवणं. मागच्या वर्षी एका पोट्ट्याने गुलाबी बोंडअळीवर प्रोजेक्ट आणला, 12 रेफरन्स, लेखक, वर्ष, पान नंबर, डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाईन नंबर), सगळं टकाटक. मी खूश, चहासुद्धा पाजला. मग सवयीने पहिला डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर टाकला तर सापडतच नाही. दुसरा उघडला, पण निघाला माशांच्या यकृतावरचा पेपर! तिसऱ्यात जर्नल खरं, वर्ष खरं, पण त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत हा पेपरच नाही. 12 पैकी 2 खरे. "काहून बे, वाचले होते का हे?" तर म्हणे, "सर, थे तं एआयनं देल्ले, मले वाटलं वाचूनच देत असन."

माझी सवय साधी आहे. डीओआय टाकायचा, जर्नलच्या साईटवर तो अंक उघडायचा, आणि कोणता आकडा कोणत्या टेबलातून घेतला ते वहीत लिहायचं. नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) वाचून आकडा उचलायचा नाही. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. "3 दिवसांत पब्लिश, आयएसएसएन सहित" असा मेसेज आला, पैसे भरले, पेपर छापून आला, दोन वर्षांनी साईटच गायब. आयएसएसएन हा फक्त जर्नलचा ओळख नंबर असतो राजेहो, दर्जाचा दाखला नाही. 2013 मध्ये सायन्स साप्ताहिकासाठी पत्रकार जॉन बोहॅननने मुद्दाम चुका घातलेला खोटा पेपर 304 जर्नलांना पाठवला होता, 157 जणांनी तो स्वीकारला. यूजीसी-केअर ही यूजीसीची मान्य जर्नलांची यादी 2025 मध्ये बंद झाली, तरी कोणी तो शिक्का मिरवत असेल तर तिथूनच मागे फिरा.

बाकीच्या चुका पटापट. गूगल स्कॉलर फक्त शोधून देतो, पारखून देत नाही, फालतू जर्नलंही तिथे दिसतात. पेपरला पैसे मागितले तर लगेच भरू नका, स्कॉलरमध्ये त्या पेपरच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' दाबा, नाही तर लेखकालाच मेल करा. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या साईटवर आणि शेतीचे कृषिकोश या साईटवर फुकट आहेत, तिकडे कोणी फिरकत नाही. पेपर मागे घेतलाय का तेही बघा, लसी आणि ऑटिझमचा 1998 चा पेपर लॅन्सेटने 2010 मध्ये मागे घेतला तरी लोक अजून दाखवतात. आणि अमेरिकेतल्या ओलिताच्या कपाशीचे आकडे आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीला लावू नका रे बाबा.

तोच पोट्टा यंदा परत आला, या वेळी फक्त 4 रेफरन्स, चारही प्रिंट काढलेले, पेन्सिलीने खुणा केलेल्या. एकाचं वर्ष चुकलं होतंच, पण पेपर खरा होता.