राकडोस मिडरेंज सुधारताय? मग निदान या चुका तरी टाळा

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात, पायोनियर फॉरमॅटमध्ये (कोणती कार्डं चालतात ते ठरवणारा प्रकार), राकडोस मिडरेंज हा काळ्या-लाल कार्डांचा डेक हातात घेतलेला प्रत्येक नवा खेळाडू साधारण त्याच त्या चार-पाच चुका करतो आणि मला आता ते बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. डेक बाहेरून फार सोपा दिसतो. थॉटसीझ आहे, फेटल पुश आहे, हार्वेस्टर, फेबल, शेओल्ड्रेड, सगळी आपापल्या परीने भारी कार्डं, त्यामुळे एखादं काढलं आणि दुसरं भारी घातलं तर काय बिघडणार असं वाटतं. बिघडतं. ही कार्डं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, एक काढलं की दुसरं कुठेतरी लुळं पडतं, आणि ते तुम्हाला चौथ्या राउंडला कळतं.

लँड कापणे

लँड म्हणजे मना देणारी कार्डं, आणि बाकीची कार्डं टाकायची किंमत या मनात मोजतात. लँड कमी करणं ही माझी सगळ्यात जुनी तक्रार. पोरं अरेनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन गेमवर, बेस्ट ऑफ वन (एकाच गेमची मॅच) खेळतात, २२ लँडवर काही गेम मस्त जातात, आणि मग ग्रुपवर सांगत सुटतात की २५ लँड कशाला, जागा फुकट जाते. अरे बाबांनो, अरेनावर बेस्ट ऑफ वनमध्ये सुरुवातीचा हात तुम्हाला सरळ पिसून मिळतच नाही. गेम आतल्या आत एकापेक्षा जास्त हात काढतो आणि तुमच्या डेकमधल्या लँडच्या प्रमाणाशी जुळणारा हात पुढे करण्याकडे त्याचा कल असतो. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये ही सोय नाही आणि दुकानातल्या टेबलावर तर नाहीच नाही. म्हणजे जे टेस्टिंग केलं ते वेगळ्याच खेळाचं झालं.

आता साधं गणित बघा. शेओल्ड्रेड चार मनाची, ती चौथ्या टर्नला टाकायची, तुम्ही पहिले खेळताय, म्हणजे तोवर दहा कार्डं बघितली. मुलिगन, म्हणजे हात परत करून नवा घेणं, धरत नाही. २२ लँड असतील तर त्या दहात चार किंवा जास्त लँड असण्याची शक्यता साधारण ५४ टक्के येते, २५ लँडला ती साडेसदुसष्टच्या आसपास जाते आणि २६ ला ७१ च्या वर. तीन कार्डांसाठी तुम्ही तेरा टक्के सोडून देताय, तेही अशा डेकमध्ये ज्याचा सगळा जीव तिसऱ्या-चौथ्या टर्नला आहे. यासाठी कोणा मोठ्या खेळाडूचा शब्द नको, हायपरजिओमेट्रिक कॅल्क्युलेटर नेटवर फुकट मिळतो, आकडे टाका आणि बघा.

"पण मग फ्लड होतं ना, नुसत्या लँडच येत राहतात." होतं, आणि त्याचा इलाज डेकच्या लँडमध्येच दिलेला आहे. टाकेनुमा मेलेलं क्रीचर हातात परत आणून देतो, कॅसल लॉकथ्वेन कार्ड काढून देतो, डेन ऑफ द बगबेअर आणि हाइव्ह ऑफ द आय टायरंट उठून मारायला जातात, शिवाय हार्वेस्टरसोबत येणाऱ्या ब्लड टोकनमध्ये नको असलेली लँड फेकून नवं कार्ड घेता येतं आणि फेबलचा दुसरा चॅप्टर दोन कार्डं बदलून देतो. डेक बनवणाऱ्यांनी जास्त लँड सहन करायची व्यवस्था आधीच करून ठेवलीय, आणि तुम्ही लँडही कापता आणि हार्वेस्टरही कापता.

यातच एक बारीक गोष्ट आहे जी नव्वद टक्के लिस्टा नुसत्या कॉपी करणाऱ्यांनी कधी वाचलेली नसते. हॉन्टेड रिज आधी दोन लँड असल्या तरच उभी येते (आडवी आलेली लँड त्या टर्नला वापरता येत नाही), म्हणजे तिला उशीर हवा. हाइव्ह आणि डेनचं बरोबर उलटं, आधीच दोन लँड असल्या की त्या आडव्या पडतात, म्हणजे त्यांना घाई हवी. कॅसल लॉकथ्वेन उभा यायला तुमच्याकडे स्वॅम्प प्रकारची लँड लागते, ब्लड क्रिप्ट स्वॅम्प म्हणून चालते पण ब्लाइटस्टेप पाथवे आणि हॉन्टेड रिज चालत नाहीत. आता कोणी "एक क्रिप्ट कमी करून अजून एक कॅसल घेतो, कार्ड मिळतील" म्हणाला की मला पुढचं सगळं दिसतं. दुसऱ्या टर्नला आडवा कॅसल, हातात हार्वेस्टर, आणि समोर मोनो व्हाइट ह्यूमन्सवाला दोन प्राणी घेऊन अंगावर येतोय. पहिल्या टर्नच्या थॉटसीझसाठी १४ तरी काळे सोर्स (काळा मना देणाऱ्या लँड) हवेत हा मॅजिकचं गणित मांडणाऱ्या फ्रँक कार्स्टेनचा आकडा मी मानतो, आणि ते १४ मोजताना पहिल्या टर्नला आडव्या येणाऱ्या लँड मी धरत नाही.

माझी सवय अशी आहे की जेवण झालं की डेक पिसायचा आणि नुसते सात-सात पत्ते काढायचे. गेम खेळायचाच नाही. हा हात ठेवला असता का, आणि पहिल्या तीन टर्नला लँड कोणत्या क्रमाने टाकल्या असत्या, एवढंच बघायचं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण अर्ध्या तासात जे कळतं ते अरेनाच्या लॅडरवर आठवडाभर घासून कळत नाही.

साइडबोर्डमधून सगळं आत ओतणे

साइडबोर्ड म्हणजे डेकबाहेरची पंधरा कार्डं, पहिल्या गेमनंतर त्यातली डेकमध्ये घेता येतात. लँड कापणाऱ्याला निदान पहिल्या तीन टर्नमध्ये चूक कळते. साइडबोर्ड चुकलेला माणूस घरी जातो आणि "नशीब खराब होतं" म्हणून झोपतो.

पुण्यातल्या एका दुकानात स्पर्धा होती, आमच्या ग्रुपमधला एक जण राकडोस घेऊन आलेला, खेळाडू चांगला, हुशार पोरगा. समोर इझेट फीनिक्स, म्हणजे ग्रेव्हयार्डमधून (वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून) फीनिक्स परत आणणारा डेक. मी शेजारी उभा राहून बघत होतो. पहिला गेम त्याने सुंदर जिंकला, शेओल्ड्रेड टेबलावर (समोरच्याने काढलेल्या प्रत्येक कार्डामागे त्याचे दोन लाइफ जातात) आणि समोरच्याला ट्रेझर क्रूझ टाकावा लागला, तीन कार्डं म्हणजे सहा लाइफ, खेळ खलास. मग साइडबोर्डिंग. याने चार लेलाइन ऑफ द व्हॉइड, दोन अनलायसन्स्ड हर्स, दोन गो ब्लँक, अशी आठ कार्डं आत घेतली, कारण "फीनिक्स म्हणजे ग्रेव्हयार्ड, ग्रेव्हयार्ड बंद म्हणजे मॅच बंद". आणि बाहेर काय काढलं तर चारही हार्वेस्टर, दोन फेबल, दोन बोनक्रशर.

दुसरा गेम, लेलाइन सुरुवातीच्या हातातच, म्हणजे फुकट टेबलावर. तिच्यामुळे समोरच्याची ग्रेव्हयार्डमध्ये जाणारी कार्डं एक्झाइलमध्ये, म्हणजे खेळाबाहेर जातात. चेहऱ्यावर हसू. समोरचा शांतपणे कन्सिडर, ऑप्ट टाकत बसला, ती सगळी एक्झाइलमध्ये जातायत, याला वाटतंय आपलं काम झालं. याच्याकडे मारायला मात्र काही नाही, हातात दुसरी लेलाइन आणि हर्स. मग समोरून क्रॅकलिंग ड्रेक आला. आता या ड्रेकची गंमत अशी की त्याची ताकद मालकाच्या ग्रेव्हयार्डमधल्या आणि एक्झाइलमधल्या, दोन्हीकडच्या इन्स्टंट-सॉर्सरी मोजून ठरते. म्हणजे लेलाइनने त्याचं काडीचंही नुकसान होत नाही. उडणारा, ताकद सात. आमच्या गड्याच्या हातात फेटल पुश होता! पण पुश साध्या वेळी दोन मनापर्यंतचंच मारतो, चार मनाचा ड्रेक मारायचा तर रिव्होल्ट लागतो, म्हणजे त्या टर्नला आपलं काहीतरी टेबलावरून गेलेलं हवं. या डेकमध्ये ते काम करतं कोण? हार्वेस्टरचं ब्लड टोकन, नाहीतर फेबलच्या गॉब्लिनने आणलेलं ट्रेझर. चारही हार्वेस्टर डेकबॉक्समध्ये. पुश हातात धरून तो ड्रेककडे बघत बसला आणि मेला. तिसऱ्या गेमला लेलाइन सुरुवातीला आलीच नाही, मधे कधीतरी ओढली तेव्हा ती चार मनाची, आणि फीनिक्स तोवर दोनदा परतलेले.

चार कॉपी असलेलं कार्ड पहिल्या सातात मिळण्याची शक्यता ४० टक्के असते. उरलेल्या ६० टक्के वेळी लेलाइन म्हणजे उशिरा येणारा चार मनाचा कागद. ज्या डेकचा सगळा प्लॅन ग्रेव्हयार्ड बंद होताच कोसळतो त्याच्यापुढे हा जुगार एक वेळ समजू शकतो. फीनिक्स तसा डेक नाही, त्याच्याकडे ड्रेक आहे, लेजर श्रेडर आहे, तो सरळही मारू शकतो. त्याला थोडं अडवायचं आणि त्या वेळात आपण मारायचं, एवढंच मिडरेंजचं काम. मी इथे दोन हर्स आणि दोन गो ब्लँक घेतो, ड्रेडबोर आणि एखादं जड कार्ड काढतो, चारच्या वर हात लावत नाही.

यावर मी करतो ते सांगतो. साइडबोर्डची पंधरा कार्डं मी शेवटी लिहितो. आधी वहीत एकेका मॅचअपचं, म्हणजे समोरच्या एकेका डेकचं, एक पान काढायचं, फीनिक्स, अझोरियस कंट्रोल, लोटस फील्ड, ह्यूमन्स, मिरर (समोरही राकडोसच), आणि साइडबोर्डिंगनंतरचे ६० पत्ते कसे दिसायला हवेत ते प्रत्येक पानावर पूर्ण लिहून काढायचं. पहिलं खेळताना वेगळं, दुसरं खेळताना वेगळं. मग या सगळ्या पानांवर मेनडेकच्या बाहेरची कोणती कार्डं पुन्हा पुन्हा येतात ते बघायचं, तोच साइडबोर्ड. असं केलं की गो ब्लँकसारखी दोन-तीन ठिकाणी कामाला येणारी कार्डं आपोआप वर येतात. आणि एखाद्या पानावर आत घ्यायला सहा आणि बाहेर काढायला तीनच कार्डं निघाली तर साइडबोर्डमध्ये त्या मॅचअपसाठी तीन कार्डं जास्त आहेत, विषय संपला.

पंधरा वेगवेगळी एकेक कार्डं ठेवणाऱ्यांसाठी अजून एक हिशोब. दोन कॉपी ठेवल्या तर चौथ्या टर्नपर्यंत, पहिले खेळताना, त्यातली एक दिसण्याची शक्यता ३१ टक्के, तीन ठेवल्या तर ४३, चार ठेवल्या तर ५३. एकच कॉपी ठेवून "माझ्याकडे उत्तर आहे" म्हणू नका.

एक मॅच हरली की डेक बदलणे

हे घाईचं दुखणं आहे. लोटस फील्डकडून रात्री हरले, सकाळी मेनडेकमध्ये त्याच्यासाठी तीन कार्डं, मग ह्यूमन्सकडून हरले की ती काढून अजून काहीतरी. असा डेक कायम कालच्या प्रतिस्पर्ध्यासाठी तयार असतो. हरल्यावर मी एकच गोष्ट लिहितो, हात चुकीचा ठेवला, खेळताना चुकलं, की डेकमध्येच उत्तर नव्हतं. पहिल्या दोन्हींसाठी कार्डाला हात लावायचा नाही. तिसरं कारण त्याच मॅचअपला पुन्हा पुन्हा आलं तरच दोन कार्डं बदलायची, दोनच, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. आणि बदलायचं कार्ड लगेच विकत घेऊ नका, कागदावर नाव लिहून स्लीव्हमध्ये घाला, मित्रांसोबत खेळून बघा, ठरलं की मग पैसे खर्च करा. मोठ्या स्पर्धेला अर्थातच खरं कार्ड लागेल.

बाकीच्या चुका पटापट.

६१ वं कार्ड. काढा. कोणतं काढायचं ठरत नसेल तर अजून टेस्टिंग बाकी आहे.

कंट्रोलसमोर चारही पुश ठेवणारे आणि चारही काढणारे, दोघंही विचार न करता करतात. शार्क टायफूनमधून आलेल्या टोकनची मना व्हॅल्यू शून्य असते, कितीही मोठा शार्क असो, पुश त्याला एका मनात मारतो. मी एक ठेवतो.

मिररमध्ये दुसरं खेळताना सगळे थॉटसीझ, समोरच्या हातातलं कार्ड फेकायला लावणारे, ठेवू नका. पाचव्या-सहाव्या टर्नला दोघांचेही हात रिकामे होतात आणि तेव्हा डेकवरून ओढलेला थॉटसीझ म्हणजे वाया गेलेला ड्रॉ. त्या जागी ट्रेसपासर घ्या, त्याला मारायला समोरच्याला एक कार्ड फेकावं लागतं.

जुनी लिस्ट तारीख न बघता उचलणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिकागोची प्रो टूर राकडोस व्हॅम्पायर्सने जिंकली, त्या लिस्टा अजून फिरतायत, आणि त्यातला सोरिन, इम्पीरियस ब्लडलॉर्ड ऑगस्ट २०२४ पासून पायोनियरमध्ये बॅन आहे. शिवाय तो डेक वेगळा आहे, त्यातून चार कार्डं उचलून मिडरेंजमध्ये घुसवली की दोन्ही डेकांचा अर्धा-अर्धा तुकडा हातात राहतो.

आणि घड्याळ. राउंड ५० मिनिटांचा असतो, त्यानंतर पाच टर्न. राकडोस मिरर सहज तेवढा चालतो, त्यात प्रत्येक थॉटसीझला समोरचा हात दोन-दोन मिनिटं न्याहाळत बसलात तर तिसरा गेम होणारच नाही. हात बघितला की कागदावर लिहून घ्या, लिहिता लिहिता ठरवा, कार्ड सांगा आणि पुढे चला. दुसऱ्या गेमनंतर साइडबोर्डिंगला वहीचं पान उघडा, त्याप्रमाणे कार्डं बदला आणि पिसायला लागा.